गुलाबी बोंडअळीचे पर्यावरणस्नेही नियंत्रण : पिंगळी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

पतंगवर्गीय किडींच्या अळ्या मराठवाड्यातील कापूस, तूर, हरभरा व सोयाबीन या प्रमुख पिकांचे मोठे नुकसान करतात. त्यांपैकी कापसावरील गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांच्या संरक्षणावरही मात केली असून २०१७ च्या खरीप हंगामात त्याची तीव्र जाणीव महाराष्ट्राला झाली. प्रस्तुत लेखात या किडीचा जीवनक्रम, तिच्या नियंत्रणाचे पर्यावरणस्नेही उपाय, त्यांमागील शास्त्रीय कारणे व मर्यादा यांचे विवेचन केले आहे. ही कीड जवळजवळ केवळ कापसावरच जगते. त्यामुळे तिला काही महिने कापूस मिळू न देणे हाच तिच्यावरील सर्वांत स्वस्त व निर्धोक इलाज होय. मात्र हा इलाज एकट्याच्या शेतात पुरेसा होत नाही, तो संपूर्ण शिवाराने पाळावा लागतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : गुलाबी बोंडअळी, कामगंध सापळा, फरदड, सुप्तावस्था, एकात्मिक कीड व्यवस्थापन, सामूहिक कृती.

प्रस्तावना :

परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी हे परभणी तालुक्यातील गाव. या परिसरातील काळी कसदार जमीन कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व हरभरा या पिकांसाठी ओळखली जाते. तालुक्याच्या काही भागास जायकवाडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते, तर उर्वरित शेती पावसावर अथवा विहिरीच्या पाण्यावर अवलंबून आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, म्हणजेच २०१३ पासूनचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी येथेच आहे. देशी कापसावर काम करणारे महबूब बाग कापूस संशोधन केंद्रही याच शहरात आहे. तात्पर्य, ज्ञानाचे केंद्र जवळ आणि कापसाचे शिवारही जवळ, असा हा परिसर आहे. तरीही बोंडअळीचा प्रश्न सुटलेला नाही. तो का सुटत नाही, याचा शोध घेताना केवळ कीटकशास्त्र पुरेसे ठरत नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व ग्रामव्यवहार यांचाही विचार करावा लागतो. बहुविद्याशाखीय नियतकालिकात हा विषय मांडण्याचे प्रयोजन हेच आहे.

पार्श्वभूमी : बीटी कापूस व २०१७ चा हंगाम

गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला असे आहे. ही कीड आपल्याकडे नवी नाही. १८४२ मध्ये भडोच येथे कापसाचे नुकसान करताना आढळलेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स यांनी १८४३ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. पुढे ती जगातील बहुतेक कापूस उत्पादक देशांत पसरली.

भारतात बीटी कापसाच्या लागवडीस मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील क्राय१एसी हे जनुक या वाणांत होते. २००६ मध्ये क्राय१एसी व क्राय२एबी अशी दोन जनुके असलेले वाण आले. प्रारंभीच्या वर्षांत बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या लक्षणीयरीत्या कमी झाल्या, ही वस्तुस्थिती आहे. परंतु २०१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीने एकजनुकीय बीटी कापसास प्रतिकारक्षमता मिळविल्याचे मान्य करण्यात आले. पुढील काही वर्षांत दोन जनुकांच्या वाणांवरही ती जगू लागली. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात सुमारे ४२ लाख हेक्टरवर कापूस होता. त्या वर्षी विदर्भ, मराठवाडा व खानदेशात या किडीचा मोठा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. या विषबाधेमागे अनेक कारणे होती. तथापि कापसाचे रासायनिक संरक्षण माणसाच्या जिवावर बेतू शकते, हे त्या वर्षी साऱ्या राज्याने पाहिले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. कापसावर घाटेअळीही (हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा) येते. मग बीटी कापूस निष्प्रभ ठरविण्यात गुलाबी बोंडअळीच पुढे का गेली? याचे एक महत्त्वाचे कारण तिच्या आहारात आहे. घाटेअळी तूर, हरभरा, टोमॅटो, मका, सूर्यफूल अशा अनेक पिकांवर जगते. तेथे तिचा बीटी विषाशी संबंध येत नाही व प्रतिकारक्षमता नसलेले पतंगही मोठ्या संख्येने तयार होतात. त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारक्षमतेचा वेग मंदावतो. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ पूर्णतः कापसावर अवलंबून असते. सारा कापूस बीटी झाला तेव्हा तिच्या प्रत्येक पिढीची निवड त्याच विषाच्या कसोटीवर होऊ लागली. बीटी कापसाभोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावाव्यात, ही शिफारस याच कारणासाठी होती. ती फारशी पाळली गेली नाही.

यातून या लेखाचे मुख्य सूत्र हाती येते. एकाच अन्नावर जगणे हे ज्या किडीच्या बळाचे कारण ठरले, तेच तिचे सर्वांत मोठे वैगुण्यही आहे. ज्या जिवाला दुसरे अन्न नाही, तो उपासाने मरू शकतो.

जीवनक्रम व त्यातील दुबळ्या जागा

कोणत्याही पतंगवर्गीय किडीच्या अंडी, अळी, कोष व पतंग अशा चार अवस्था असतात. नुकसान केवळ अळी करते. पर्यावरणस्नेही नियंत्रणाचा पाया असा की, प्रत्येक अवस्थेत कीड कोठे असते व तेथे तिच्यापर्यंत काय पोहोचू शकते, हे पाहून उपाय निवडावा.

गुलाबी बोंडअळीची मादी पाते, फुले व कोवळी बोंडे यांवर, विशेषतः बोंडाच्या देठाकडील आवरणाखाली, अंडी घालते. एक मादी साधारणतः शंभर ते दोनशे अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत अंडी फुटतात. बाहेर पडलेली सूक्ष्म अळी अल्पावधीतच कळीत किंवा बोंडात शिरते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून रेशमी धाग्यांनी बांधते. असे फूल नीट उमलत नाही व मिटलेल्या गुलाबकळीसारखे दिसते. शेतकरी त्यास डोमकळी म्हणतात. बोंडात शिरलेल्या अळीचे छिद्र कालांतराने बुजून जाते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. आत मात्र सरकी खाल्ली जाते, रुईवर डाग पडतात आणि वेचणीस कवडीयुक्त कापूस येतो. अळीचा गुलाबी रंग नंतरच्या अवस्थांत येतो. अनुकूल हवामानात एक पिढी सुमारे महिना-सव्वा महिन्यात पूर्ण होते व हंगामात अशा अनेक पिढ्या होतात.

फवारणी निष्फळ का ठरते, याचे उत्तर या वर्णनातच आहे. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत कीटकनाशक पोहोचत नाही. शेतकरी फवारा वाढवितो तेव्हा मरतात ते प्रामुख्याने पानांवरील मित्रकीटक. परिणामी पांढरी माशी व अन्य रसशोषक किडी वाढतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा फवारणी करावी लागते.

या किडीचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. हंगामाच्या शेवटी दिवस लहान व थंडी वाढू लागली की, पूर्ण वाढलेल्या काही अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. न फुटलेली बोंडे, दोन सरक्या एकमेकींस चिकटवून केलेल्या पोकळ्या, पऱ्हाट्यांवर राहिलेली वाळकी बोंडे, जमिनीतील भेगा व जिनिंगमधील सरकी ही त्यांची आश्रयस्थाने होत. पुढील उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी ओलावा मिळताच त्यांतून पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात कापसाला पाते आलेले असेल, तर नव्या हंगामाची पहिली पिढी सुरू होते. पाते नसेल, तर हे पतंग अंडी घालण्यास योग्य जागा न मिळता काही दिवसांत मरून जातात. कीटकशास्त्रात या घटनेस आत्मघाती उदय असे संबोधले जाते.

पहिला उपाय : कापसाचा बंद काळ

वरील विवेचनावरून सर्वांत प्रभावी उपाय कोणता, हे सहज लक्षात येईल. डिसेंबरअखेर कापसाचा हंगाम संपवावा, पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावावी आणि पुढील लागवड पुरेसा पाऊस झाल्यानंतर, जूनमध्येच करावी. मधल्या पाच-सहा महिन्यांत शिवारात हिरवा कापूस नसावा. यास कोणतेही औषध लागत नाही. अलीकडच्या काही हंगामांत राज्याच्या कृषी विभागाने कापूस बियाण्याची शेतकऱ्यांना विक्री १ जूनपूर्वी करू नये, असे निर्देश दिले होते. त्यामागील हेतू हाच होता.

मात्र प्रत्यक्षात फरदड घेतली जाते. शेवटच्या वेचणीनंतर पाणी व थोडे खत देऊन तेच पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत राखणे म्हणजे फरदड. ती घेणाऱ्या शेतकऱ्यास केवळ अज्ञानी ठरविणे अन्यायाचे होईल. त्याचा हिशेब सरळ असतो. बियाण्याचा, पेरणीचा व निंदणीचा खर्च आधीच झालेला असतो. विहिरीत किंवा कालव्यात पाणी असते. अशा वेळी दोन वेचण्या अधिक मिळाल्या, तर तो रोख पैसा घरात येतो. त्या शेतकऱ्यापुरता हा हिशेब चूक नसतो. चूक होते ती शिवाराच्या हिशेबात.

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका मादीने १०० अंडी घातली आणि त्यांतील ९० टक्के विविध कारणांनी नष्ट झाली. उरलेल्या १० पतंगांपैकी निम्म्या, म्हणजे ५ माद्या धरल्यास प्रत्येक पिढीस किडीची संख्या पाचपट होते. याचा अर्थ, फरदडीत किडीला एक पिढी अधिक मिळाली, तर त्या शेतातून पुढील हंगामासाठी पाचपट वारसा मागे राहतो. आता एका शिवारात २० शेतकरी आहेत व प्रत्येकाच्या शेतातून एरवी १०० पतंग बाहेर पडतात, असे मानू. १९ जणांनी वेळेवर पऱ्हाट्या काढून ही संख्या प्रत्येकी १० वर आणली, तर त्यांचे मिळून १९० पतंग होतात. विसाव्याने फरदड घेतली, तर त्याच्या एकट्याच्या शेतातून ५०० बाहेर पडतात. एकूण ६९० पैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश पतंग एकाच शेतातून येतात आणि ते बांध ओळखत नाहीत. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. तथापि, शेजाऱ्याने पऱ्हाटी ठेवली तर मी काढून काय उपयोग, हा गावोगाव विचारला जाणारा प्रश्न किती सार्थ आहे, हे त्यांवरून दिसून येते. मात्र याच उदाहरणातील दुसरी बाजूही नजरेआड करू नये. कोणीच काही केले नसते, तर २,००० पतंग झाले असते. ते ६९० वर आले, हेही खरे.

पऱ्हाट्यांचा प्रश्नही असाच व्यवहाराशी निगडित आहे. ग्रामीण भागात पऱ्हाटी हे सरपण आहे. बांधावर वा घराच्या मागे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात वाळक्या बोंडांसह सुप्त अळ्याही साठविल्या जातात. सरपण सोडा, असे सांगण्यापेक्षा शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चरू द्याव्यात, राहिलेली बोंडे त्यांना खाऊ द्यावीत आणि मगच पऱ्हाट्या घरी न्याव्यात, हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे. जेथे यंत्र उपलब्ध असेल, तेथे पऱ्हाट्यांचा बारीक चुरा करून कंपोस्ट करणे उत्तम. पऱ्हाट्या जाळल्याने मात्र जमिनीस मिळू शकणारा सेंद्रिय भाग वाया जातो व धूरही होतो. मानवत, सेलू यांसारख्या कापूस बाजारपेठांच्या परिसरातील जिनिंगमध्येही हंगामानंतर किडकी सरकी व कचरा साचू न देणे तितकेच आवश्यक आहे.

दुसरा उपाय : कामगंध सापळे

पतंगांच्या माद्या नरास बोलावण्यासाठी विशिष्ट गंध सोडतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ ब्यूटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंग माद्यांपासून असा पहिला गंध वेगळा करून १९५९ मध्ये त्याचे स्वरूप स्पष्ट केले. गुलाबी बोंडअळीचा कामगंध १९७३ मध्ये ओळखला गेला व त्यास गॉसिप्ल्युअर हे नाव मिळाले. हा गंध त्या जातीपुरताच परिणामकारक असल्याने मधमाशी, मित्रकीटक, पक्षी वा माणूस यांना त्याचा उपद्रव होत नाही.

या गंधाचे उपयोग तीन प्रकारचे असून त्यांची गल्लत होऊ नये. पहिला उपयोग निरीक्षणाचा. यासाठी हेक्टरी ५ सापळे पुरतात. ते पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट उंच असावेत, पीक वाढेल तसे वर सरकवावेत व गंधगोळी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळल्यास किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. दुसरा उपयोग सामूहिक पकडीचा. त्यासाठी हेक्टरी सुमारे २० किंवा अधिक सापळे लावावे लागतात. मात्र सापळ्यात केवळ नर येतात व उरलेला एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो. म्हणून किडीची संख्या वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडते. तिचा लाभ हंगामाच्या आरंभी अधिक.

तिसरा उपयोग मीलनात व्यत्यय आणण्याचा. शेतात ठिकठिकाणी कामगंध सोडणाऱ्या दोऱ्या किंवा मलम लावून सारी हवाच गंधाने भरून टाकली की, नराला मादीचा माग लागत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये या कारणासाठी नोंदणी झालेला पहिला कामगंध गॉसिप्ल्युअर हाच होता. भारतातही अलीकडच्या वर्षांत हे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागले आहे. परंतु शेजारच्या शेतात मीलन होऊन आलेल्या मादीला या गंधाचा अडथळा होत नाही. त्यामुळे सलग मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी वापरल्यासच त्याचा पुरेसा लाभ होतो. येथेही मूळ मुद्दा पुन्हा समोर येतो, तो म्हणजे शिवाराच्या एकजुटीचा.

तिसरा उपाय : मित्रकीटक

ट्रायकोग्रामा हा टाचणीच्या टोकाएवढा परोपजीवी कीटक पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालतो. त्या अंड्यातून अळीऐवजी ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो. अळी बोंडात शिरण्यापूर्वीच बंदोबस्त होत असल्याने गुलाबी बोंडअळीसाठी ही पद्धत तर्कशुद्ध आहे. या किडीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही जात हेक्टरी सुमारे दीड लाख या प्रमाणात सोडण्याची शिफारस आहे. प्रयोगशाळेत हे कीटक तांदळावरील पतंगाच्या अंड्यांवर वाढवितात व ती अंडी चिकटविलेली ट्रायकोकार्डे शेतात पानांच्या खालच्या बाजूस टाचतात. पतंगाचा बंदोबस्त पतंगाच्याच अंड्यांच्या आधारे करावयाची ही योजना आहे. कार्डे सकाळी किंवा सायंकाळी लावावीत. त्याच्या आधी व नंतर काही दिवस कीटकनाशक फवारू नये, अन्यथा सोडलेले मित्रकीटकच मरतील.

चौथा उपाय : निंबोळी अर्क

कडुनिंबाच्या बियांतील अ‍ॅझाडिरॅक्टिन व अन्य घटक अळीची भूक मंदावतात, कात टाकण्याच्या प्रक्रियेत बिघाड करतात व मादीला अंडी घालण्यापासून काही प्रमाणात परावृत्त करतात. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवितात, सकाळी वस्त्रगाळ करतात, त्यात सुमारे २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवितात व एकूण द्रावण १०० लिटर करतात. अर्क ताजा वापरावा व फवारणी सायंकाळी करावी, कारण सूर्यप्रकाशात तो लवकर निष्प्रभ होतो. बोंडात शिरलेल्या अळीवर निंबोळी अर्क काम करीत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पाते लागण्याच्या सुमारास, म्हणजे अंडी घालण्याच्या काळात, त्याचा उपयोग आहे. उशिरा फवारून उपयोग झाला नाही म्हणजे निंबोळी निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. दशपर्णी अर्कासारख्या घरगुती अर्कांचा गुण घटकांच्या प्रमाणानुसार बदलतो. म्हणून त्यांवर सर्वस्वी विसंबणे इष्ट नाही.

अन्य पतंगवर्गीय किडी : तुलनात्मक विचार

एका किडीवरील उपाय दुसरीवर जसाच्या तसा लागू होतो असे नाही. तूर व हरभऱ्यावरील घाटेअळी आपल्या आयुष्याचा मोठा भाग उघड्यावर काढते. अनेकदा तिचे डोके घाट्यात व उर्वरित शरीर बाहेर दिसते. त्यामुळे ती पक्ष्यांच्या नजरेस पडते व फवारणीच्या आवाक्यात येते. तिच्यासाठी पक्षी थांबे उभारणे आणि एचएएनपीव्ही या विषाणूची हेक्टरी २५० अळी-तुल्यमात्रा सायंकाळी फवारणे हे उपाय उपयुक्त ठरतात. विषाणू अळीने खावा लागतो, तिच्या आतड्यात तो विरघळतो व काही दिवसांत अळी झाडावर उलटी लटकून मरते. हा विषाणू माणूस, जनावरे वा मित्रकीटक यांना अपाय करीत नाही. मात्र बोंडाच्या आत राहणाऱ्या गुलाबी बोंडअळीसाठी तो उपयोगाचा नाही.

सोयाबीनवरील तंबाखूची पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा लिट्युरा) पुंजक्यात अंडी घालते. अंड्यांचे पुंजके व जाळीदार झालेली पाने वेळीच तोडून नष्ट केली, तर शेकडो अळ्या एका वेळी जातात. या किडीच्या मोठ्या प्रादुर्भावानंतर २००९-१० पासून राज्यात कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, सुरू झाला. आठवड्याला शेतातील निरीक्षणे घेऊन त्यांवर आधारित सल्ला देणे हे त्याचे स्वरूप होय. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम नोंदली गेलेली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात राहते. तिच्यासाठी उपाय पोंग्यातच करावे लागतात. सारांश, कीड कोठे राहते, हे कळल्यावाचून कोणते औषध द्यावे, हा प्रश्न अपुरा आहे.

हंगामाचे वेळापत्रक

पिंगळी परिसरासारख्या ठिकाणी गुलाबी बोंडअळीसाठी पुढीलप्रमाणे क्रम ठेवता येईल.

१) एप्रिल-मे : खोल नांगरट करावी. उरलेल्या पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी. हंगामपूर्व लागवड टाळावी.
२) जून : पुरेशा पावसानंतर, शक्यतो संपूर्ण शिवारात जवळपास एकाच काळात, कमी कालावधीच्या वाणाची लागवड करावी.
३) लागवडीनंतर सुमारे ४५ दिवस : निरीक्षणासाठी कामगंध सापळे लावावेत. डोमकळ्या शोधून अळीसह नष्ट कराव्यात. ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. आरंभीच्या काळात जहाल कीटकनाशके टाळावीत.
४) फुले व बोंडे लागण्याचा काळ : ट्रायकोकार्डे लावावीत. दर आठवड्यास एकरी २० हिरवी बोंडे तोडून व उकलून पाहावीत. २० पैकी २ बोंडांत अळी अथवा तिचे नुकसान दिसल्यास १० टक्क्यांची पातळी गाठली असे समजावे.
५) नोव्हेंबर-डिसेंबर : किडका व चांगला कापूस वेगळा वेचावा. डिसेंबरअखेर पीक संपवावे. शेतात जनावरे चारावीत.
६) जानेवारी ते मे : शिवारात कापूस नसावा.

पातळी ओलांडल्यावर शिफारशीत कीटकनाशकाची, एकावेळी एकाच औषधाची व पुरेशा संरक्षक साधनांसह फवारणी करणे एकात्मिक व्यवस्थापनास वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती निरीक्षणावाचून, दुकानदाराच्या सांगण्यावरून, अनेक औषधे मिसळून केलेली फवारणी.

सामूहिक कृतीचा प्रश्न व महाविद्यालयाची भूमिका

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने आपल्या कापूस क्षेत्रातून गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याची घोषणा केली. बीटी कापूस, कामगंध, वंध्य पतंग विमानातून सोडणे व ठराविक तारखेपर्यंत पीक संपविण्याचे बंधन, हे सारे तेथे एकत्रितपणे राबविले गेले. त्यातील विमाने आपणास परवडणारी नाहीत. आपल्याकडील लहान धारणक्षेत्रे, कर्जाचा भार व सिंचनाची विषमता पाहता तेथील अनुकरण जसेच्या तसे शक्यही नाही. पण ठरलेल्या तारखेला सर्वांनी मिळून पीक संपविणे, हा त्यातील सर्वांत स्वस्त भाग आपणास अशक्य नाही. गावचा बाजार, जत्रा, हरिनाम सप्ताह ठरलेल्या दिवशी पार पाडणाऱ्या ग्रामसमाजास पऱ्हाटी काढण्याचा एक आठवडा ठरविणे जड जाऊ नये. अडचण आहे ती फरदड सोडणाऱ्याचे जे उत्पन्न बुडते, त्याची भरपाई कशाने होईल, या प्रश्नाची. ज्यांच्याकडे पाणी आहे, त्यांना कापसानंतर उन्हाळी भुईमूग, भाजीपाला वा चारापीक घेण्यास बियाणे व बाजार यांचे साह्य मिळाले, तरच हा प्रश्न सुटेल. केवळ प्रबोधनाने तो सुटेल, अशी अपेक्षा करणे व्यवहारास धरून होणार नाही.

येथे ग्रामीण महाविद्यालयांना निश्चित भूमिका आहे. आपले बहुसंख्य विद्यार्थी कापूस पिकविणाऱ्या घरांतून येतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील सापळ्यांत आढळलेल्या पतंगांची साप्ताहिक नोंद ठेवली, तर प्रात्यक्षिकाची वही शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फरदडीच्या नफ्या-तोट्याचा हिशेब शेतापुरता व शिवारापुरता असा दोन्ही प्रकारे मांडता येईल. समाजशास्त्रात सामूहिक साधनसंपत्तीचे प्रश्न शिकविताना दूरचे दाखले देण्याची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराचा काळ तर पऱ्हाटी काढण्याच्या काळाशीच जुळतो. कृषी विद्यापीठ व कृषी विभाग यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम झाल्यास त्यास शास्त्रीय शिस्तही लाभेल.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहत असल्याने तिच्यावर फवारणीपेक्षा तिच्या अंडी, पतंग व सुप्त अळी या अवस्थांत केलेले उपाय अधिक परिणामकारक ठरतात.
२) कामगंध, मित्रकीटक व निंबोळी अर्क ही साधने योग्य वेळी वापरली, तरच उपयोगी पडतात. रासायनिक औषधाच्या जागी दुसरी बाटली, असा त्यांचा विचार केल्यास निराशाच पदरी येते.
३) ही कीड जवळजवळ केवळ कापसावर जगत असल्याने जानेवारी ते मे या काळात कापूस न ठेवणे, हा तिच्यावरील मूलभूत इलाज आहे. तो इलाज शिवारपातळीवर अमलात यावा लागतो.
४) फरदड सोडण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून हे साध्य होणार नाही. त्यास पर्यायी पिकाचे पाठबळ आवश्यक आहे.

बीटी वाण आले तेव्हा बियाण्याच्या पाकिटातच सर्व संरक्षण आहे, असे वाटले होते. पंधरा वर्षांत तो समज खोटा ठरला. आता नवे जनुक, नवी गंधदोरी किंवा नवा अर्क येईल, तेव्हाही तीच चूक पुन्हा होऊ नये. पतंगाला बांध नसतो. त्याच्यावरील उपायालाही बांध असून चालणार नाही. पिंगळीसारख्या एखाद्या गावाने सलग तीन हंगाम जरी कापसाचा बंद काळ पाळून आपल्या नोंदी ठेवल्या, तरी त्या नोंदी साऱ्या मराठवाड्यास मार्गदर्शक ठरू शकतील.